जॅकेटला बसलेला धुंगार : धुतल्यावरही परत येणारा धुराचा वास

पाचनईतून हरिश्चंद्रगड करून आलो तेव्हा जॅकेटला धुराचा वास होता, यात नवल काहीच नव्हतं. भर पावसात वर गेलो, निथळत खाली उतरलो आणि ज्या घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवली होती तिथल्या मावशींनी आमची सगळी जॅकेटं काढून घेऊन चुलीवरच्या वलणीवर टाकली. "तासाभरात कोरडी होतात बघा," म्हणाल्या, आणि झालीही. घरी येऊन धुतलं, वास गेला. पंधरा दिवसांनी डोंबिवलीला लोकलमध्ये शिरलो. बाहेर पाऊस, आत गर्दी, आणि शेजारचे काका इकडेतिकडे बघत म्हणाले, "काहीतरी जळतंय बहुतेक."

जळत काहीच नव्हतं. माझं जॅकेट भिजलं होतं.

त्यानंतर ते आणखी दोनदा धुतलं. दोन्ही वेळा वाळल्यावर वास नाही, आणि पावसात गेलो की पुन्हा चूल पेटली. ग्रुपमध्ये विचारलं तर निम्म्या लोकांची हीच तक्रार, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. त्यातले बरेच मी करून बसलोय. काही उपयोगाचे निघाले, काहींनी जॅकेटची वाट लावली.

वास बसतो कसा

पावसाळ्यात सरपण दमट असतं. आगीची बरीचशी उष्णता त्यातलं पाणी उडवण्यातच खर्च होते आणि लाकूड जळण्याऐवजी धुमसतं. धुमसताना लाकडातलं लिग्निन फुटतं आणि ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी फिनॉल जातीची रसायनं बाहेर पडतात. धुराचा जो ओळखीचा, खमंग म्हणावा असा वास आहे, तो मुख्यतः त्यांचा. त्यांच्यासोबत डांबरासारखा चिकट अंश, थोडं अ‍ॅसिटिक आम्ल आणि काजळीही येते. धुराचे कण बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा, त्यावरून अंदाज करा. हे कण शिवणीत, चेनच्या दातांत, वेल्क्रोत, कुठेही शिरतात.

आता भरताला धुंगार देतो ते आठवा. वाटीत लाल निखारा, त्यावर तुपाची धार आणि लगेच वर झाकण. धूर कोंडला जातो आणि तूप तो वास धरून ठेवतं. जॅकेटचं नेमकं हेच होतं. इथे तुपाचं काम करतात मानेवरचा घाम आणि हूडला आतून लागलेलं खोबरेल. झाकण म्हणजे आपली सॅक, जिच्यात ते ओलसर जॅकेट कोंबून आपण परतीचा चार-पाच तासांचा प्रवास करतो. फिनॉल तेलात छान विरघळतात. म्हणून नुसत्या पाण्याने कितीही खळबळलं तरी तेल जात नाही, आणि तेलाबरोबर वासही तिथेच राहतो.

वॉटरप्रूफ जॅकेटची आणखी एक अडचण म्हणजे ते एकपदरी कापड नसतं. बाहेर नायलॉन किंवा पॉलिस्टर, त्यावर पाण्याचे थेंब घरंगळून जावेत म्हणून दिलेला लेप (त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात), आणि आतून पाणी अडवणारा पडदा. हा पडदा महागड्या जॅकेटात बरेचदा ताणलेल्या पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) असतो, स्वस्तात पॉलियुरेथेनचा थर असतो. पीटीएफई असं ताणता येतं हे बॉब गोर यांना १९६९ मध्ये सापडलं आणि त्या पडद्याचे पहिले पावसाळी कपडे १९७६ मध्ये बाजारात आले. त्या पहिल्या पिढीच्या जॅकेटांचं दुखणं काय होतं, तर अंगातल्या तेलाने पडदा मळायचा आणि गळायला लागायचा. मग तेल लांब ठेवायला पॉलियुरेथेनचा पातळ थर द्यावा लागला. सांगायचा मुद्दा, या कपड्यांचं तेलाशी वैर जुनं आहे आणि ते आतल्या बाजूने होतं. आपण मात्र चिखल लागतो म्हणून बाहेरची बाजू घासत बसतो.

आधी वास कधी येतो ते बघा

धुवायला घेण्यापूर्वी हे एक काम करा, माझे दोन महिने वाचले असते. स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवू नका. दोन दिवस धुरात बसलेल्या माणसाला धूर कळत नाही. ट्रेकला न आलेल्या माणसाला हुंगायला सांगा. आमच्याकडे हे काम आई करते, आणि निकाल देताना भीड बाळगत नाही.

जॅकेट कोरडं असतानाही, उघड्यावरही वास येत असेल तर गोष्ट सोपी आहे. धुराचा चिकट अंश अजून वरच आहे, धुणं झालेलं नाही किंवा उरकलेलं आहे. नीट एकदा धुतलं की बहुतेक वेळा सुटतं.

कोरडं असताना काही नाही आणि भिजलं की वास, ही माझी तऱ्हा. यात वास आतल्या थरात, शिवणींत, खिशांत अडकलेला असतो आणि ओलावा लागला की सुटतो. हे ओळखायची युक्ती अशी: जॅकेटवर पाण्याचा हलका शिडकावा करा, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, अर्धा तास उबदार जागी ठेवा. मग पिशवी उघडून एकेक भाग वेगळा हुंगा: हूड, कॉलर, हनुवटीपाशी असलेली मऊ पट्टी, मनगटाचं वेल्क्रो, काखा, खिशांच्या आतली जाळी, खालची दोरी. माझ्या जॅकेटात दोषी निघाला छातीवरचा खिसा. त्यात भिजलेला रुमाल राहिला होता, तोही चुलीवर आमच्याबरोबर वाळला होता, आणि तीन धुण्यांत मी तो खिसा एकदाही उघडला नव्हता.

चढताना अंग तापलं की मगच वास येत असेल, तर कॉलर आणि हूड पकडा. तिथे तेल आहे. केसांना रोज खोबरेल लावणाऱ्यांनी हूडची आतली बाजू बोटाने चोळून बघावी. कापड किंचित गुळगुळीत लागतं.

आणि जॅकेट गच्चीवर असताना निर्मळ, कपाटातून काढलं की धुरकट, असं असेल तर जॅकेटला उगाच शिक्षा करताय. सॅक हुंगा. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यांत जाड फोम असतो, तो धूर आणि घाम दोन्ही पितो. टोपी, हातमोजे, गळ्यात घालायचा बफ, जॅकेटची स्वतःची छोटी थैली, सगळं बघा. आमच्यातल्या एकाने जॅकेट चारदा धुतलं आणि दरवेळी त्याच न धुतलेल्या थैलीत घडी करून ठेवलं.

आता दोन वास असे की ते धुराचे नसतात. पावसाळ्यात दमट ठेवलेल्या जॅकेटला कुबट वास येतो. ती बुरशी आहे, ती धुण्याने आणि खडखडीत वाळवण्याने जाते. दुसरा आंबूस, ओकारीसारखा वास, त्याबरोबर आतला थर चिकट झालेला किंवा पापुद्रे सुटलेले. तिथे पॉलियुरेथेनच दमट हवेत विघटित व्हायला लागलंय. आपल्या कोकणपट्टीच्या हवेत बंद कपाटात ठेवलेल्या जुन्या जॅकेटांना हे होतंच. यावर साबण नाही, सोडा नाही. त्याला निरोप द्या.

धुणं

घरी आल्यावर आधी दोन-तीन दिवस जॅकेट गॅलरीत सावलीला, वाऱ्यावर टांगा. सगळ्या चेन उघड्या, खिसे बाहेर काढलेले. धुरातला उडून जाणारा हलका भाग फुकटात जातो. पाऊस असेल तर घरात पंख्याखाली. कडक उन्हात दिवसचे दिवस टाकू नका, नायलॉन उन्हाने कमकुवत होतं.

मग आतलं लेबल वाचा. कंपनीने काही मनाई केली असेल तर ती माझ्यापेक्षा खरी. बहुतेक वॉटरप्रूफ जॅकेटांना ३० ते ४० अंशांचं कोमट पाणी चालतं. थर्मामीटर नको, बाळाला आंघोळ घालायचं पाणी जसं कोपराने बघतात, तेवढं. थंड पाण्यात तेल सुटत नाही. माझी पहिली दोन धुणी टाकीच्या गार पाण्यात झाली होती.

साबण म्हणाल तर पावडर नको, ती शिवणींत बसते. वॉटरप्रूफ कपड्यांसाठी निकवॅक्स किंवा ग्रेंजर्सचे खास द्रव साबण मिळतात, ते उत्तम, पण महाग आहेत. नाही मिळाले तर साधा, सॉफ्टनर नसलेला द्रव डिटर्जंट थोडासा घ्या. बादलीभर पाण्याला दोन चहाचे चमचे पुरे. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ हा हिशेब इथे उलटा पडतो, कारण कपड्यात राहिलेला साबण पाणी ओढून घेतो आणि पुढच्या पावसात बाहेरचं कापड पाणी प्यायला लागतं.

मी हाताने धुतो. आधी फक्त कॉलर, हूडची आतली बाजू, मनगटं आणि खिसे: त्यांवर साबणाचे दोन-दोन थेंब टाकून जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच चोळायचं आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं. तेल इथेच सुटतं. मग जॅकेट उलटं करून, चेन लावून, दोऱ्या सैल सोडून टबात अर्धा तास. अधूनमधून दाबायचं, पिळायचं नाही. पिळल्याने शिवणीतून पाणी शिरू नये म्हणून आतून चिकटवलेली टेप उचकटते. पाणी काढून टाकताना बघा: धूर लागलेल्या जॅकेटाचं पहिलं पाणी फिक्या चहासारखं निघतं. ते तसं निघालं तर साबणाची तीच फेरी पुन्हा एकदा. दुसरं पाणी साधारण स्वच्छ असतं.

मशीनमध्ये धुवायचं तर फ्रंट लोड बरं, हळुवार फेरी. आधी साबणाचा कप्पा धुवून घ्या, त्यात मागच्या वेळचं सॉफ्टनर राहिलेलं असतं. टॉप लोडमध्ये किंवा सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रायरमध्ये वॉटरप्रूफ कपडा जोरात फिरवू नका. पाणी त्यातून निघू शकत नाही, पिशवीत अडकावं तसं अडकतं, तोल जातो आणि मशीन धडधडत मोरीतून चालायला लागतं. आमचं दरवाजापर्यंत गेलं होतं.

यापेक्षाही महत्त्वाचं, आणि सगळे जिथे कंटाळतात ते, म्हणजे खळबळणं. कमीत कमी चार पाणी. बोअरचं जड पाणी असेल तर पाच-सहा, आणि शेवटचं पाणी शक्यतो पालिकेचं किंवा पावसाचं साठवलेलं. शेवटच्या पाण्यात हाताने जोरात ढवळा. फेस धरला तर साबण अजून आत आहे.

वाळवताना रुंद हँगर, सावली, हवा. आधी उलटं, मग सुलटं. खिशांचे कोपरे सगळ्यात शेवटी वाळतात, ते चाचपून बघा.

सोडा, व्हिनेगर, रिठा आणि माझे पराक्रम

खायच्या सोड्याचं नाव सगळेच घेतात. त्याने धुरातला आम्लाचा आंबट भाग मरतो, पण फिनॉलवर त्याची मात्रा फारशी चालत नाही. धुण्याआधी बादलीत दोन मोठे चमचे सोडा पूर्ण विरघळवून अर्धा तास भिजवायला हरकत नाही. मी करतो, थोडा फरक पडतो. कोरडा सोडा जॅकेटवर भुरभुरू नका. तो चेनमध्ये जातो आणि आठवडाभर पांढरा निघत राहतो.

व्हिनेगर मला पटत नाही. ते स्वतःच अ‍ॅसिटिक आम्ल, आणि धुरातही तेच आहे. घराला दोन दिवस लोणच्याच्या बरणीचा वास आला, जॅकेट होतं तसंच.

रिठ्याचं पाणी रेशमाला आणि लोकरीला छान. जॅकेटला लावायला आमच्या मावशीने सांगितलं होतं. वास थोडा कमी झाला, पण फिक्या राखाडी कापडावर तपकिरी झाक आली ती आली. गडद रंगाचं असेल तर तुमची मर्जी.

डांबरगोळ्या घालून ठेवल्या त्या हिवाळ्यात जॅकेटला धूर अधिक डांबरगोळी असा वास यायचा, आणि डांबरगोळीचा नंतर गेला, धुराचा नाही. अत्तर, डिओ, कपड्यांवर मारायचे फवारे, सगळ्यांची तीच कथा. त्यातला तेलकट भाग वर आणखी एक थर चढवतो. कापडी पुरचुंडीत अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल घालून कपाटात जॅकेटशेजारी ठेवला तर उरलासुरला वास तो हळूहळू ओढतो. पण हे धुण्यानंतरचं काम, धुण्याऐवजीचं नाही.

ड्रायक्लीनला देऊ नका. मी एकदा जवळच्या लाँड्रीत दिलं, त्यांनी वॉटरप्रूफ आहे हे न बघता बाकी कोटांबरोबर काढलं. वास गेला हे कबूल करतो. टेपही गेली.

सॉफ्टनर आणि ब्लीच तर कधीच नाही. सॉफ्टनर कापडावर जो मऊ लेप सोडतो, तो डीडब्ल्यूआरच्या डोक्यावर बसतो आणि वासही धरतो.

धुतल्यानंतर पाणी पितंय?

वास गेल्याच्या आनंदात हे राहून जातं. वाळलेल्या जॅकेटच्या खांद्यावर चमचाभर पाणी टाका. मोत्यासारखे थेंब होऊन घरंगळले तर ठीक. कापड गडद होऊन पाणी पसरलं, तर एक तर साबण राहिलाय किंवा लेप झोपलाय. आधी पुन्हा दोन पाणी खळबळा. तरी तसंच असेल तर उष्णता द्या. उष्णतेने तो लेप पुन्हा जागा होतो.

परदेशात हे काम टम्बल ड्रायर करतो, वाळलेलं जॅकेट त्यात वीसेक मिनिटं कोमट फिरवतात. आपल्याकडे तो क्वचितच असतो, म्हणून इस्त्री. अगदी सौम्य तापमान, वाफ बंद, मध्ये सुती पंचा, आणि फक्त बाहेरच्या बाजूने. छापलेला लोगो, रबरी पट्टी, चेन टाळायची. लेबलवर इस्त्रीवर काट असेल तर हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून फिरवा. आणि कोपऱ्यावरच्या कोळशाच्या इस्त्रीवाल्याकडे हे जॅकेट चुकूनही देऊ नका. तिचं तापमान त्याला अनुभवाने कळतं, पण तो अनुभव सुती शर्टांचा.

इस्त्रीनेही थेंब उठत नसतील तर लेप खरोखर झिजलाय. फवारायचा किंवा पाण्यात मिसळायचा नवा लेप मिळतो, तो स्वच्छ धुतलेल्या कापडावरच द्या. धुरकट जॅकेटवर दिलात तर वास खाली कोंडून वर गालिचा अंथरल्यासारखं होईल. एकाने ते केलं आहे. नाव सांगत नाही, तो हे वाचणार आहे.

पिसांच्या जॅकेटला यातलं काही लागू करू नका, त्याचं धुणं आणि वाळवणं वेगळं शास्त्र आहे. आणि रस्त्यावर मिळतो तो प्लास्टिकचा रेनकोट असेल तर इतका खटाटोप कशाला, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा आणि टांगा.

पुढच्या वेळी

गडावर शेकोटी हा विषयच नको. हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, आणि अभयारण्यात आग लावायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. शिवाय एक ठिणगी उडाली की नायलॉनला वाटाण्याएवढं भोक पडतं, ते कुठल्याच धुण्याने जात नाही.

राहिली गावातली चूल, आणि ती काही आपण टाळणार नाही. जॅकेट घरात शिरण्याआधी पडवीत झटका, पडवीतच टांगा, दोन तासांत निथळतं. पूर्ण कोरडं व्हायची गरजही नसते. चुलीपाशी बसताना सुती शर्ट किंवा मावशींनी दिलेलं घोंगडं. परतताना जॅकेट सॅकच्या आत नाही, बाहेरच्या जाळीत किंवा पट्ट्याखाली, हवा लागेल असं. सॅकचा आतला कप्पा घरी आल्यावर उलटा करून त्याच दिवशी पुसायचा.

अडचण एकच उरते. पडवीत टांगलेली जॅकेटं मावशी आपल्या नकळत उचलून आत नेतात. "भिजल्यालं कशाला घालता?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. गेल्या खेपेला मी जॅकेट तांदळाच्या कणगीमागे लपवलं होतं. जेवून उठलो तर ते चुलीवर होतं, घडी घालून.